आधीच मानलेले उपकार

देवळाली कॅम्प
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मम्मी, सलाम.

सलाम लिहिला, कारण तुम्ही शिकवलाय. मन मात्र सलाम करण्याच्या जागेवर नाही. चार दिवस भावाकडे मनमाडला जाऊन येते म्हणून नाताळच्या आधी तुम्ही पिशवी उचललीत, आणि आता थंडी संपत आली. चिमाजीमामांना फोन केला की ते म्हणतात, "ताई फोनवर येत नाही गं, तिला फोनची रिंगच सहन होत नाही." ते मला कळतं. दीपक गेल्याचा हॉस्पिटलचा फोन तुमच्याच फोनवर आला होता. तो इथे कपाटात तुमच्या पांढऱ्या साडीखाली पडलाय. मी चार्ज करत नाही. म्हणून तुमची सून पत्र लिहितेय. शाळेत मला निबंधात कायम कमी मार्क पडायचे, तेव्हा चुका काढत बसू नका.

तुमची नात तेजल शाळेत जाते, जेवते, गृहपाठ करते. तुमच्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही. मी पण कामाला लागले, कॅम्प बाजारात तेच युनिफॉर्मचं दुकान. दिवसभर जवानांच्या शर्टांना बिल्ले आणि नावाच्या पट्ट्या शिवते. नवीन भरती झालेली पोरं येतात, "दीदी, सीधा लगाना" म्हणून दोनदा बजावतात. मी नाव वाचते आणि मनात म्हणते, जा बाबा, नीट राहा. त्यांच्या आया दूर कुठेतरी असतात.

मागच्या रविवारी चर्चमधल्या अक्काबाई आणि दोघीतिघी घरी आल्या. प्रार्थना केली. मग अक्काबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हर्षाली, देव चांगला आहे बरं का. त्याला आपला दीपक आवडला, त्याने फूल खुडून नेलं." मी म्हटलं, "मावशी, सगळी बाग त्याची, मग माझ्याच कुंडीतलं कशाला लागलं त्याला?" चहा प्यायल्या आणि गेल्या. बिस्किटांना हात लावला नाही. तुम्ही असता तर मला आत नेऊन दटावलं असतं, आणि मग दार लावून हसला असता.

भिंतीवरचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर तुम्ही जाताना उतरवून ठेवलंत. खिळा तसाच आहे. नवीन वर्षाचं कॅलेंडर चर्चमधून आलंय, ते गुंडाळलेलंच आहे. लावायचं असेल तर तुम्ही येऊन लावा. मी लावणार नाही. घर तुमचं, देव तुमचा, खिळाही तुमचा.

उत्तर लिहा. एक ओळ चालेल.

हर्षाली


देवळाली कॅम्प
२ मार्च, रविवार

मम्मी, सलाम.

उत्तर नाही. बरं. मग मीच बोलते, तुम्ही ऐका. समोर असता तर मधेच उठून कांदा चिरायला घेतला असता, आता तशी सोय नाही.

त्या शनिवारबद्दल आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. दीपकला डेंग्यू झाला, प्लेटलेट पडल्या, आयसीयूत ठेवलं. तुम्ही उपवास धरला. मग प्लेटलेट चढल्या, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, त्याला वॉर्डात आणलं. वॉर्डाच्या दारातच तुम्ही मला म्हणालात, "शनिवारी घरी उपकारस्तुती ठेवते, देवाचे आभार मानायला. चर्चच्या सगळ्या मंडळीला बोलावते."

मी म्हटलं, "मम्मी, त्याला घरी तर येऊ द्या."

तुम्ही म्हणालात, "हातात पडल्यावर कोणीही उपकार मानतं. विश्वास असेल तर आधी मानायचे."

मी पिंपळगावकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. आमच्याकडे वणीच्या देवीला नवस बोलतात, आणि तो फेडतात काम झाल्यावर. माझी आई तर इतकी पक्की, की काम झालं तरी थोडी थांबते, खरंच झालं ना ते बघून घेते आणि मग वणीची गाडी धरते. देवीलाही तिचा स्वभाव माहीत असेल. म्हणून तुमचं हे आधीच मानणं मला धाडसाचं वाटलं. आवडलं पण. खोटं का बोलू.

साक्ष बायकोनेच द्यायची, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं, असा तुमचा हट्ट. मी म्हटलं, माझा बाप्तिस्मा झालेला नाही, मी कशी साक्ष देऊ? तुम्ही म्हणालात, "उपकार मानायला बाप्तिस्मा लागत नाही." काय बोलायचं तेही शिकवलंत. आधी डॉक्टरांचे आभार, मग मंडळीचे, आणि शेवटी म्हणायचं, देव चांगला आहे. मग सगळे म्हणतील, सर्वकाळ. मी वॉर्डातून निघाले तेव्हा दीपकजवळ शेजारचा रिझवान बसला. दोघांचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं काम एकत्र होतं, सख्खे भाऊ काय राहतील असे राहायचे. त्याची बायको तरन्नुम आपल्या स्वयंपाकघरात पुलावाला लागली होती.

गाणी झाली. मी उभी राहिले. डॉक्टरांचे आभार झाले, मंडळीचे चालू होते, आणि फळीवरचा तुमचा फोन वाजला. तुम्ही तो कानाला लावलात आणि खाली बसलात. ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. ते मी अजून म्हटलेलं नाही.

तुम्हाला दोष देते का? देते. नवरा गेला तेव्हा मी लोकांसमोर उभी होते, केसात गजरा माळून. गजरा तुम्हीच माळला होता. डॉक्टर म्हणाले, एकदम झालं, तुम्ही असता तरी काही करता आलं नसतं. मला काही करायचं नव्हतंच. हात धरायचा होता.

पण एवढा राग असून मी या घरात आहे, आणि तुम्ही गेलात. मातीच्या दिवशी तुम्ही पाळकसाहेबांना म्हणालात, "मी मंडळीसमोर देवाची बाजू घेतली आणि त्याने मला तोंडघशी पाडलं." त्यानंतर चर्चची पायरी चढला नाहीत. तुमचा राग त्याच्यावर होता ना? मग मला का सोडून गेलात? माझं काय चुकलं होतं, तेवढं सांगा.

हर्षाली


देवळाली कॅम्प
२३ मार्च

मम्मी,

परवा माझी आई येऊन गेली. द्राक्षांची पेटी आणली होती. हंगाम उतरणीला लागलाय, मणी बारीक आहेत पण गोड आहेत. तेजलने पोटभर खाल्ली आणि देठ तुमच्या खुर्चीखाली टाकले, म्हणजे तुम्ही ओरडाल म्हणून.

आईने तिला जवळ घेतलं आणि मग माझ्याकडे वळली. "नवरा मातीत, सासू मनमाडला. तू कोणासाठी बसली हे इथं? लय झालं आता. शाळेला सुट्टी लागली का पोरीला घेऊन घरी ये. तुझे बाबा खोली रंगवून घेऊ राहिले."

मी म्हटलं, "मम्मी येतील."

"तुझ्या पत्राला उत्तर देत नाय ती. येती कुठली?"

आईचं चुकलं नव्हतं. मी द्राक्षं धुवायला उठले.

ती गेल्यावर बसून राहिले होते. ही तीच आई, मी दीपकशी कोर्टात लग्न केलं म्हणून जिने दार लावून घेतलं होतं. तेजल पोटात होती तेव्हा तुम्ही मला न सांगता एकट्या आमच्या गावाला गेलात. बाबांनी घरात घेतलं नाही. तुम्ही ओट्यापाशी उन्हात बसून राहिलात. भांडला नाहीत, शास्त्र सांगितलं नाहीत, पदर डोक्यावर घेऊन नुसत्या बसलात. येणारेजाणारे बघत होते. शेवटी आईला राहवेना, ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "लंकाबाई, पोरगी पहिलटकरीण आहे. तिला आई लागते. मी सासू आहे, मी पुरणार नाही."

आई हे अजून लोकांना सांगते आणि डोळे पुसते. तुम्ही मात्र मला कधी सांगितलं नाहीत. बाप्तिस्म्याचंही तसंच. मंडळीत लोक विचारायचे, सून पाण्यात कधी उतरणार, तर तुम्ही म्हणायचात, "ती माणूस आहे, म्हैस नाही. तिच्या मनाने उतरेल, नाहीतर नाही उतरणार."

मम्मी, तुमचा देव मला कुठून माहीत? शास्त्र मी धड वाचलेलं नाही, उपदेशात मला झोप येते. मला तो तुमच्यावरून माहीत. तुम्ही म्हणायचात देव चांगला आहे, आणि मी तुमच्याकडे बघून मनात म्हणायचे, असेल बाई. तुम्हीच निघून गेलात तर मी कोणाकडे बघून म्हणू?

सुट्टी लागेपर्यंत मी इथे वाट बघते. तुम्ही आलात तर मी आणि तेजल कुठेही जात नाही. नाही आलात तर मी बाबांनी रंगवलेल्या खोलीत जाईन, आणि मग आपल्या दोघींमध्ये काही उरणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. धमकी समजा हवं तर. माझ्याकडे दुसरं काही नाही.

हर्षाली


देवळाली कॅम्प
उत्तम शुक्रवार, १८ एप्रिल

मम्मी, सलाम.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रिझवान उद्या मनमाडला एका कोल्ड स्टोरेजचं काम बघायला चाललाय, तो हातात देईल. तो दारात घुटमळेल. त्याला आत घ्या. का ते पुढे सांगते.

दीपक गेल्यापासून तो मला टाळत होता. भिंतीला भिंत लागून घर, तरी मी दिसले की गाडीला किक मारायचा. मला वाटायचं, कामाचा भागीदार गेला, पोरगं हबकलंय. परवा आपला फ्रीज बंद पडला. तरन्नुमने त्याला अक्षरशः ढकलत आणलं. तो फ्रीज भिंतीपासून ओढून मागे बसला आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, बोलायला लागला.

म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तो सारखं म्हणत होता, घरी काय चाललंय ऐकव. मी तरन्नुमला फोन लावला. ती किचनच्या दारात फोन धरून उभी राहिली. तुमचं गाणं चालू होतं. मम्मी पुढे म्हणत होत्या, मागून सगळे."

मी विचारलं, "त्याने ऐकलं?"

"पूर्ण ऐकलं. डोळे मिटून. म्हणाला, मम्मी बेसूर आहे, पण आवाज बघ कसा लावते, देवाला कानात बोटं घालावी लागतील. मग तरन्नुमला म्हणाला, पुलावात काजू घातलेत का बघ, मम्मी काजूला हात आखडते. तरन्नुम म्हणाली, नाही घातले. खूप हसला, वहिनी. मग म्हणाला, घसा सुकलाय, जा चहा घेऊन ये. मी खाली गेलो. वर आलो तर सिस्टर पळत होत्या." मग बराच वेळ पान्याचा आवाज आला. "मी चहाला गेलो नसतो तर वहिनी."

तरन्नुमला रिझवानने शपथ घातली होती, सांगू नको म्हणून. ती तेव्हापासून रोज माझ्याकडे येऊन काही न बोलता भाजी निवडून जायची. मला वाटायचं, शेजारधर्म.

म्हणजे बघा. तो म्हणतो मी चहाला गेलो नसतो तर. मी म्हणते मी त्याच्याजवळून उठले नसते तर. तुम्ही तिकडे भावाच्या घरात म्हणत असाल, मी उपकारस्तुती ठेवली नसती तर. तिघं तीन भिंतींकडे तोंड करून एकच गोष्ट म्हणत बसलोय. मम्मी, तो एकटा नव्हता. शेवटचं गाणं त्याने तुमचं ऐकलं, आणि तो हसत होता.

याला देवाचा चांगुलपणा म्हणायचा का? मी म्हणणार नाही. मला तो जिवंत हवा होता. गाणं ऐकून गेला म्हणून उपकार मान, असं अक्काबाई म्हणाल्या तर मी त्यांना पुन्हा बिस्किटं खाऊ देणार नाही. पण तुम्ही ठेवलेल्या त्या सभेने त्याला मारलं नाही. ती त्याच्या कानात होती. एवढं तुम्हाला माहीत असायला हवं.

आज तेजलने हट्ट धरला म्हणून चर्चला गेलो. बारापासून तीनपर्यंत. कोणाच्या केसात गजरा नाही, घंटा नाही, सगळे पांढऱ्यात. संपल्यावर मी पाळकसाहेबांना बाहेर गाठलं. म्हटलं, "साहेब, रागावू नका. ज्या दिवशी तुमचा येशू मेला त्या दिवसाला उत्तम कसं म्हणता? त्याची आई तिथे उभी होती. तिला जाऊन कोणी म्हणालं असतं का, आज उत्तम दिवस आहे म्हणून?"

त्यांनी चष्मा पुसला. दीपकच्या मातीच्या दिवशी पण असाच पुसत होते. म्हणाले, "नसतं म्हणालं. त्या दिवशी तिथे कोणाच्या तोंडून ते निघालं नसतं, माझ्याही नाही. ते नाव लोकांनी मागाहून दिलंय, रविवारनंतर. रविवार बघितलेल्या लोकांनी."

मी म्हटलं, "पण आपण तर आज शुक्रवारीच म्हणतोय."

"हो," ते म्हणाले, "आपण आधीच म्हणतो. रविवार अजून दिसत नसतो, तरी म्हणतो. हर्षाली, तुझ्या सासूबाईंनी चूक केली असं मला कधी वाटलं नाही. मी त्यांना ते तेव्हाच सांगायला हवं होतं. कबरेपाशी मला शब्द सापडले नाहीत."

मी घरी आले. पोळ्या करत होते, आणि पोळी तव्यावर जळेपर्यंत हेच डोक्यात. काम झाल्यावर फेडायचं, हे माझ्या आईचं. आधीच मानायचं, हे तुमचं. मी दोघींची मुलगी. आईच्या पद्धतीने थांबून बघितलं, नाताळापासून थांबतेय, काही झालं नाही. आता तुमच्या पद्धतीने करून बघते.

म्हणून संध्याकाळी परत चर्चला गेले आणि रविवारच्या उपासनेत वाचायला चिठ्ठी दिली. "श्रीमती उज्वला भालेराव सुखरूप घरी परत आल्याबद्दल सून हर्षाली व नात तेजल यांच्याकडून उपकारस्तुती." पाळकसाहेबांनी वाचली आणि वर बघितलं. "आल्या?"

मी म्हटलं, "नाही अजून."

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

तर मम्मी, परवा सगळ्या मंडळीसमोर ते वाचणार आहेत. मी उभी राहणार आहे. तुम्ही आला नाहीत तर मी तोंडघशी पडेन, जशा तुम्ही पडलात. मला ते चालेल. एकटीने पडण्यापेक्षा दोघींनी पडलेलं बरं. पण तुम्ही यावं असं मला वाटतं. मनापासून वाटतं. मला तुमच्याशिवाय या घरात राहवत नाही, आणि तुमच्याशिवाय हे घर सोडवतही नाही.

रिझवानला उपाशी पाठवू नका.

तुमची हर्षाली


दाराच्या कडीत खोचलेली चिठ्ठी
ईस्टरचा रविवार, २० एप्रिल, पहाट

मम्मी,

तुम्ही हे वाचत असाल तर तुम्ही दारात आहात. नसाल तर तरन्नुम वाचेल आणि रडेल, तिला सवय आहे.

रिझवान काल संध्याकाळी आला. म्हणाला, मम्मींनी पत्र घेतलं, आत बसवलं, स्वतःच्या हाताने चहा करून दिला. मी तो पिईपर्यंत समोर बसून राहिल्या, आणि कप खाली ठेवल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. येणार का असं मी विचारलं, तर कप उचलून आत गेल्या. एवढं सांगून तो घरी गेला आणि तरन्नुम म्हणते, दीपक गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवला.

आम्ही आता कबरस्थानात पहाटेच्या प्रार्थनेला चाललोय. तेजलने पप्पांसाठी मेणबत्ती घेतलीय. तिथून सरळ चर्चला. तुमची गाडी सकाळची असेल तर आपली चुकामूक होणार. पुन्हा तसंच झालंय बघा, मी तिकडे उपकार मानायला उभी आणि माझं माणूस इकडे. जाऊ की नको, असं झालं. पण चिठ्ठी देऊन बसलेय, आता बसवत नाही.

पाळकसाहेबांचं वाचून झालं की ते वाक्य मला म्हणायचंय. रात्रीपासून म्हणून बघतेय. देव चांगला आहे. घरात भिंतीशी म्हणता येतं. लोकांसमोर येईल की नाही, सांगता येत नाही. नाही आलं तर नुसती उभी राहीन. सर्वकाळ म्हणणारे म्हणतील.

दाराला कुलूप नाही, कडीही लावलेली नाही. नुसतं लोटलंय, ढकला. नवीन कॅलेंडर तुमच्या खुर्चीवर ठेवलंय, एप्रिलच्या पानावर उघडून. खिळा तुम्हाला माहीत आहे.

पुलाव पातेल्यात झाकून ठेवलाय. काजू घातलेत.

हर्षाली